सशांचा पाला

“किती ससे झाले गं आता?” फ्लॉवरचा पाला पोत्यात कोंबत भाजीवाल्या मावशींनी विचारलं.

“अं... बावीस.”

“गेल्या आठवड्यात तर चौदा होते!”

“सशांचं काय मावशी, बघता बघता वाढतात.”

तिच्या घरी ससा औषधालाही नव्हता. होती ती गच्चीवरची काचेच्या झाकणाची मोठी पेटी, आत जाळीचे बारा खण. शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून सहा महिने ती त्यात टाकाऊ पाला वाळवत होती. त्याच्या पुडीत ल्युटिन, म्हणजे डोळ्यांना जपणारं द्रव्य, पुरेसं टिकलं, तर गोळ्या बनवणारी कंपनी वर्षभराचं काम देणार होती. नाहीतर पुन्हा शाळेत परीक्षानळ्या धुवायला जायचं.

मावशींना यातलं काही कळून चालणार नव्हतं. बाजारात बोभाटा झाला की फुकटचा पाला बंद!

पहिले दोन नमुने कंपनीत नापास झाले. पूड पिवळी पडली होती.

“तोंड का उतरलंय? ससे आजारी?” मावशींनी विचारलं.

“पाला वाळवून ठेवते, तर पिवळा पडतो. मग तोंड लावत नाहीत.”

“उन्हात वाळवतेस होय? अगं वेडे, सावलीत वाळव. आधी मिनिटभर वाफेवर धर. जाड देठ काढून टाक. सशांना तसाच मानवतो.”

सशांना वाफवून पाला! म्हातारी भोळीच आहे, असं वाटून तिला हसू आलं. पण घरी येताच तिने माळ्यावरचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं आणि पेटीच्या काचेवर काळी चादर ताणली.

तिसऱ्या नमुन्याची पूड हिरवीगार निघाली. तिने ती लगेच कंपनीत पोचवली. चौथ्या दिवशी कंपनीच्या साहेबांचा फोन आला.

“बाई, कमाल केलीत! ल्युटिन हवं त्याच्या दुप्पट!”

ती किंचाळलीच. नवऱ्याने तिला उचलून गर्रकन फिरवलं. गच्चीवरच्या वासाने रोज नाक मुरडणाऱ्या सासूबाईंनी सगळ्या शेजारणींना हाका मारल्या. “आमच्या सुनेने कचऱ्याचं सोनं केलं हो!”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुडीची बरणी छातीशी धरून कंपनीत पोचली.

“आता एकच बाकी,” साहेब म्हणाले. “आमच्याकडे चार वर्षं एकच बाई पूड देतात. एक नंबर माल! पण मागणी वाढली, त्यांना एकटीला पुरवठा झेपेना. त्यांनीच जोडीदार शोधायला सांगितलं. त्या हो म्हणाल्या की आजच करारावर सही.”

“म्हणतील की! बघा तरी किती हिरवी आहे!” तिने बरणीचं झाकण उघडलं.

दार उघडलं. इस्त्रीची साडी नेसलेल्या, डोळ्यांवर चष्मा चढवलेल्या भाजीवाल्या मावशी आत आल्या. त्यांनी चिमूटभर पूड तळहातावर घेतली, हुंगली, उजेडात धरली. ओळख दाखवली नाही.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “पाला कुठून आणता, बाई?”