काठी मोडण्याचा दिवस

जिल्हा कचेरीतून आलेल्या तरुण एमिलबेकने जुने निशाण उतरवले आणि नऊ वर्षांत कापड बदलण्यापुरतीच उघडी पडणारी अंगणातील उंच काठी पुन्हा उघडी पडली. तेवढ्यात सादिरकुल म्हातारा कुऱ्हाड घेऊन तिच्यापाशी आला. उंबरठ्यावर त्याची विधवा सून कालिपा उभी होती. हनुवटीखालची काळ्या रुमालाची गाठ तिने सैल केली होती.

"आबा, कुऱ्हाड कशाला?" एमिलबेकने विचारले.

"काठी मोडायचीय. तुमचं राज्य बुडायची वाट बघत होतो."

त्या खोऱ्यातील रीत पुरातन. घरात मृत्यू झाला की दारी निशाण उभारावे. वृद्धासाठी शुभ्र, प्रौढासाठी काळे, तरुणासाठी लाल. वर्षाने मृताच्या नावे गावजेवण घालून काठी मोडावी, निशाण जाळावे, मग विधवेने काळा रुमाल सोडावा. काठी उभी आहे तोवर तिला दुसरे लग्न नाही.

अफगाण युद्धातून मुलाची बंद जस्ती शवपेटी आली, तेव्हा कम्युनिस्ट पक्षाने असल्या रिती निषिद्ध ठरवल्या होत्या. सादिरकुलने शांतपणे प्रजासत्ताकाचेच निशाण दारी उभारले. मध्ये निळे-पांढरे पट्टे, कोपऱ्यात विळा-हातोडा. पण बाकी सारे लाल. गाव काय ते समजले आणि रडून गेले. पक्षाच्या चिटणिसाला मात्र ती देशभक्ती इतकी भावली, की हुतात्म्याच्या घरचे निशाण कधीही उतरू नये, असा लेखी हुकूम निघाला. कापड विटले की जिल्ह्याहून नवे येई. शोकाचे वर्ष सरलेच नाही.

"काठी मोडता येणार नाही, आबा. ती सरकारी निशाणांच्या यादीत आहे."

"यादी त्यांची होती ना? ते तर गेले."

"ते गेले. यादी आहे." एमिलबेकने वडीलधाऱ्याच्या हातून घ्यावी तशी, दोन्ही हातांनी, अदबीने कुऱ्हाड घेतली आणि जीपमध्ये ठेवून दिली.

कालिपा दोन पावले पुढे आली. पलीकडच्या गावच्या शाबदानने हिवाळ्यापूर्वीच निरोप धाडला होता: काठी मोडली की कळवा.

"भाऊ, नव्या निशाणाचा रंग कोणता?"

"दाखवतो ना, वहिनी! या खोऱ्यात पहिलं तुमच्याच दारात लागतंय."

"शेजारच्या देशाने निळा घेतलाय म्हणे," सादिरकुल सुनेकडे न पाहता म्हणाला. "निळा असला तर राहू दे काठी. निळ्याखाली कुणी शोक करत नाही, पोरी. मी चार म्हाताऱ्यांना बोलावून तसं सांगेन."

एमिलबेकने गुंडाळी सोडली. मधोमध सोन्यासारखा सूर्य होता. सूर्याच्या चहूबाजूंनी, काठापर्यंत, लाल.

"विळा-हातोडा गेला, पट्टे गेले," तो अभिमानाने म्हणाला. "आता सगळं आपलं."

म्हाताऱ्याने कापडाची कड दोन बोटांत धरून पाहिली.

"एवढा सूर्य आणलात रे आभाळातून. दुसरा रंग तेवढा मिळाला नाही?"

एमिलबेक हसला. त्याला वाटले, आबा थट्टा करताहेत. त्याने दोरी ओढली. वर गेलेले निशाण वाऱ्याने एकदम भरले आणि वितळत्या बर्फाच्या उतारावरूनही दिसू लागले.

त्या उतारावर म्हातारी उनसुनाय मेंढ्या चारत होती. तिला धड दिसत नसे. पण कोरे लाल कापड दिसले. तिने मेंढ्या तशाच सोडल्या आणि रीतीप्रमाणे दुरूनच हेल काढून रडत, काठी टेकत ती अंगणात आली.

"सादिरकुल, अरे पुन्हा? आता कोण गेलं रे तरुण तुझ्या घरातलं?"

सादिरकुल उंबरठ्याकडे पाहत होता. तिथे कालिपा रुमालाची गाठ पुन्हा आवळून बांधत होती.