पुढची खिडकी

"मले घाटात गाडी लागते वं काकू," कोकिळानं सांगितलं ते खोटं होतं. तिला सातपुड्याची वळणं पुढच्या खिडकीतून बघायची होती. सोनाळ्याच्या बचत गटाच्या क्रूझरमध्ये ती जागा शेवंताकाकूंनी धरलेली. काकू लगेच उठल्या. पदराच्या गाठीतलं लिंबू काढून त्यांनी तिच्या हातात दिलं, "हुंगत राह्य," म्हणाल्या आणि मागच्या बाकावर दाटीत बसल्या. कोकिळा दऱ्यांचे फोटो काढत राहिली. पाचव्या वळणावर ड्रायव्हरच्या आरशात काकू दिसल्या; डोळे मिटलेले, तोंडात पदर कोंबलेला. लिंबू काकूंनी कोणासाठी आणलं होतं, ते तिला तेव्हा कळलं. जागा परत द्यायला तिनं तोंड उघडलं, पण गाडीत अकरा बाया ऐकायला होत्या. माथ्यावर काकू झुडपामागं ओकून आल्या आणि म्हणाल्या, "आता बरं वाटते का तुले?" लिंबू मुठीत लपवत कोकिळा म्हणाली, "हाव."