तुमच्या तीन मोफत बातम्या संपल्या

दुसरी बातमी उघडून सून भराभर खाली सरकवत गेली. भोपळ्याच्या बियांचे फायदे. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही, पण शिरायची गरजही नव्हती. आतल्या खोलीत सासरे खोकले. तिने घाईघाईने तिसरी उघडली, उद्याचं हवामान, आणि लगेच चौथीवर बोट दाबलं. अख्ख्या पडद्यावर पाटी आली: 'आजच्या तुमच्या तीन मोफत बातम्या संपल्या. पुढे वाचण्यासाठी वर्गणीदार व्हा.'

तिचा जीव भांड्यात पडला. टॅब्लेट तिने होता तसाच सासऱ्यांच्या चष्म्याशेजारी ठेवून दिला.

सासरे इस्पितळातून घरी आल्यापासून बारा दिवस तिची सकाळ अशीच उजाडत होती. धक्का बसेल असं काही त्यांच्या कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि त्यांचं ते लाडकं वर्तमानपत्र रोज नेमका तोच धक्का छापत होतं. शाळेजवळच्या पादचारी पुलाला आतून तडे. भाराची चाचणी न घेताच मजबुतीचा दाखला दिला. पुलाच्या कामावर चार इंजिनियर होते. त्यातला एक तिचा नवरा.

कागदी अंक तिने 'छापखान्यात संप आहे' म्हणून बंद केला होता. टीव्हीची वायर उंदराने कुरतडली होती, आणि तो उंदीर सकाळी उठून चहा करत होता. नवरा नणंदेकडे जाऊन राहिला होता. सासऱ्यांच्या लेखी तो परदेशात प्रशिक्षणाला गेला होता. एक खोटं झाकायला दहा लागतात, आणि सुनेचे दहा केव्हाच होऊन गेले होते.

"आजही संपल्या?" पाटी वाचून सासऱ्यांनी विचारलं.

"फुकटात किती देणार हो बाबा ते तरी?"

"मी एकही न वाचता?"

तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस. त्यांच्या नजरेतून रेघ सुटत नसे. "त्यांच्या मोजण्यातच काहीतरी घोळ असेल," ती म्हणाली.

"मग वर्गणीच भरून टाक. माझं कार्ड आण."

"बँकेनं बंद केलंय ना ते. नवीन येईल पुढच्या आठवड्यात."

"आपल्या भागातलं पान तेवढं बघायचं होतं गं."

"काय असतं त्यात? गटारं आणि खड्डे."

सासऱ्यांनी चहाचा कप उचलला.

इतक्यात नऊ वर्षांची छकुली दप्तर अडकवून आली. आजोबांनी तिला जवळ घेऊन रोजचाच प्रश्न विचारला. "पुलावरूनच जातेस ना गं तू?"

छकुलीने आईकडे पाहिलं आणि पढवल्याप्रमाणे म्हणाली, "हो आजोबा."

खरं तर पहिली बातमी आली त्याच संध्याकाळी पुलाच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले होते. छकुली अर्धा तास वळसा घालून शाळेत जात होती. पण पूल बंद म्हटलं की का बंद, हे आलंच. लेकाने बांधलेल्या पुलाचं म्हाताऱ्याला केवढं कौतुक, असं वाटून सुनेला भरून आलं.

दहा वाजता नवऱ्याचा फोन आला. ती स्वयंपाकघराचं दार लोटून बोलली.

"बाबांना कळलं का काही?"

"नाही. पण मला आता झेपत नाही हे."

"थोडे दिवस काढ. पेपरवाल्यांकडे नुसती झेरॉक्स आहे, सही करणाऱ्याचं नाव काळं केलेली. मूळ दाखला फाइलमध्ये नाही, कुठेच नाही. तो मिळत नाही तोवर माझ्या केसालाही धक्का लागत नाही."

"आणि मिळाला तर?"

"तर जेल."

"सही तूच केलीस ना?"

"वरून सांगितलं होतं," तो म्हणाला. तिला ठाऊकच होतं. तरी त्याच्या तोंडून ऐकल्यावर तिने फोन ठेवून दिला.

बाहेर आली तर सासऱ्यांचा पलंग रिकामा. चपला नाहीत. औषधाची गोळी टेबलावर तशीच.

ती अनवाणीच जिना उतरली. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याने मान हलवली, आले नाहीत. न्हाव्याच्या दुकानात बाकावर पेपर पसरलेला होता, पण वाचत बसलेले दुसरेच कोणी. बागेतला एकेक बाक तिने धुंडाळला. म्हातारा कुठेतरी पेपर उघडून, छातीवर हात दाबून बसलाय, हेच चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. देवा, आजचा दिवस सांभाळ, एवढंच ती पुटपुटत होती.

तासाभराने दारात टॅक्सी थांबली. सासरे उतरले. अंगात इस्त्रीचा सदरा, चेहरा शांत. तिने त्यांना धरून वर आणलं, पाणी दिलं, गोळी दिली.

"न सांगता कुठे गेला होतात? कुणी काही बोललं? काही वाचलंत का?"

"वाचायला काय आहे? छापतायत कुठे ते?" सासऱ्यांनी पेला खाली ठेवला. "बस इथे, आणि रडायच्या आधी नीट ऐक. पुलाचा तो दाखला मला महिन्यापूर्वी तुझ्या नवऱ्याच्या कपाटात सापडला. त्याचं नाव काळं करून झेरॉक्स मीच पेपरात नेऊन दिली होती. म्हटलं, पूल तेवढा बंद होऊ दे, पोराचं वाटोळं कशाला? त्याच दिवशी छातीत कळ आली. घरी आल्यापासून रोज छकुलीला विचारतोय. पोर अजून त्याच पुलावरून जातेय. म्हणजे पेपरवाल्यांनी दाबलंच. किती दिवस थांबायचं गं मी? शेवटी आज मूळ दाखलाच पाकिटात घालून पोलीस आयुक्तांच्या कचेरीत देऊन आलो, त्याच्या नावासकट."