न्यूट्रल
उत्तनच्या किनाऱ्यावर होड्या ओढणारा बस्त्यावचा जुना डिझेल ट्रॅक्टर सकाळपासून सुरूच होत नव्हता. चावी फिरवली की नुसता टक आवाज यायचा. बॅटरी भरलेली होती, वायरी त्याने घासून पुन्हा आवळल्या होत्या, तरी स्टार्टर फिरेना. काल भरतीचं पाणी स्टार्टरमध्ये गेलं, त्याचा राग त्याने बायकोवर, व्हेरोनिकावर, पान्याने काढला होता. तिचा डावा डोळा अजून उघडत नव्हता. आता तिला सीटवर बसवून तो मागच्या मोठ्या चाकापुढे उभा राहिला. स्टार्टरचे दोन बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडले की इंजिन थेट सुरू होणार होतं. “न्यूट्रल हाय ना?” त्याने विचारलं. तिने गिअरचा दांडा हलवून पाहिला. “न्हाय. तू काल गिअरमध्येच ठेवलास. थांब.” तो वर चढला आणि त्याच सुजलेल्या डोळ्यावर त्याने मुठीने मारलं. “मना शिकवतेस? काढ गिअर.” मग उतरून तो पुन्हा चाकापुढे वाकला. व्हेरोनिकाने दांड्यावर हात ठेवला, पण तो हलवला नाही. “आता?” त्याने विचारलं. “हाय न्यूट्रल,” ती म्हणाली. ठिणगी उडाली, इंजिन धडधडलं आणि ट्रॅक्टर पुढे उसळला. चाकाने बस्त्यावला आडवा पाडला आणि ते त्याच्या मांडीवर चढलं. “क्लच दाब, क्लच,” तो खालून ओरडत होता. क्लच तिच्या पायाखालीच होता. तिने पाय उचलून घेतला.