प्रवेश मिळेल, पण…

“आमच्याकडे प्रत्येक मुलाचं स्वागत आहे,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “फक्त शर्वरीनं वर्गात शांत बसावं आणि घंटा वाजली की किंचाळू नये.”

“म्हणजे ऑटिझम घरी ठेवून पाठवू?” तिच्या आईनं, वृंदानं विचारलं.

“अगदी! किती समजूतदार पालक आहात.”

विशेष मुलांच्या शाळेतल्या सरांनी शर्वरीला धडा वाचायला दिला. तिनं तो घडाघडा वाचला. सर हळहळले, “अरेरे, ही तर हुशार निघाली. आमच्याकडे नाही चालायची.”

तिसऱ्या, छोट्याशा शाळेत शिरताच शर्वरी टेबलाखाली जाऊन बसली. वृंदा माफी मागू लागली. तोवर तिथल्या बाई पदर खोचून टेबलाखाली शिरल्याही होत्या.

“इथं बरं वाटतंय गं,” त्या म्हणाल्या. “वर सगळे फार बोलतात.”

शर्वरीनं सरकून त्यांना जागा दिली.