आठ किलोच्या आत

रांग धर्मशाळेच्या पायऱ्या उतरून पार कोरड्या आडापर्यंत गेली होती. चांगुणा मध्यावर उभी होती. कडेवरच्या पोरीनं मान तिच्या खांद्यावर टाकली होती. रडायचंसुद्धा पोरीनं सोडून दिलं होतं.

त्र्याहत्तरचा, दुष्काळातला उन्हाळा. सोनारीच्या धर्मशाळेत मुंबईच्या कुठल्याशा संस्थेनं सुकडीचं, म्हणजे पोषणाच्या भाजक्या गोड पिठाचं, केंद्र उघडलं होतं. नियम साधा होता. पंधरा दिवसांनी पोराचं वजन करायचं. दीड-दोन वर्षांचं पोर आठ किलोच्या आत भरलं तर कार्ड, आणि कार्डावर घराला सुकडीची पिशवी. आठाच्या वर गेलं की कार्ड बंद. ज्याचं पोर सुधारलं, त्याच्या घरची पिशवी गेली.

चांगुणाचं कार्ड असंच गेलं होतं. सुकडी खाऊन काशीनं बाळसं धरलं आणि काट्यानं सव्वाआठ दाखवले. त्या दिवशी हसावं का रडावं, तिला कळेना. घरात सासू आंधळी. नवरा ज्ञानोबा खडीच्या कामावर पाय चेचून पडलेला. तेव्हापासून चूल एक वेळच पेटत होती.

पुढं उभ्या असलेल्या म्हातारीनं मागं वळून बघितलं. ओच्यातला मिलोच्या, रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीचा तुकडा काढून तिनं पोरीपुढं धरला. पोरीचा हात झटकन पुढं आला. चांगुणानं तो अडवला. मनगट तिच्या दोन बोटांत मावलं. तिनं नजर दुसरीकडं वळवली.

"नगं, आजी. वजनाच्या आधी नगं."

तुकडा परत ओच्यात गेला. रांगेतल्या कुठल्याच पोराच्या तोंडात सकाळपासून काही गेलं नव्हतं. सगळी सारखीच दिसत होती. उवांपायी तासलेली डोकी, वर आलेली पोटं.

टेबलाशी नर्स सुमनबाई होत्या. सकाळपासून शंभरावर पोरं त्यांनी काट्याला टांगली होती.

"नाव?"

"काशी. ज्ञानोबाची."

बाईंनी जुनं पान काढलं. "मागं सव्वाआठ भरली होती ही."

"व्हय, बाई."

"आणि महिन्यात एवढी उतरली?"

"खायाला न्हाय तर काय हुईल, बाई?"

बाईंनी पोरीला झोळीत घातलं. पोर हलली नाही, बोंबललीही नाही. काटा सहाच्या जरा पुढं जाऊन थांबला. बाई पोरीकडं बराच वेळ बघत राहिल्या, मग चांगुणाकडं. चांगुणानं पदर तोंडाशी धरला.

"दोनदा मुंबईला लिहिलं मी," बाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या. "पोर सुधारलं म्हणून त्याचं खाणं तोडू नका. ते म्हणतात, जास्त गरजू असतील त्यांनाच द्या."

कार्डावर शिक्का बसला. पिशवी पुढं आली.

"हिला आधी पातळ पेज द्या. थोडी थोडी. उशीर करू नका."

"देते, बाई," चांगुणा म्हणाली.

पिशवी डोक्यावर घेऊन ती पायऱ्या उतरली. रांगेतल्या बायांकडं तिला बघवेना. धर्मशाळेला वळसा घालून ती मागच्या बांधाआड गेली. तिथं वस्तीवरची हरणाबाई बसली होती आणि तिच्याभोवती आणखी चार बाया. चांगुणानं पोर हरणाबाईच्या मांडीवर ठेवली. पिशवीचं तोंड सोडून चिमूटभर सुकडी पोरीच्या ओठांपाशी नेली.

हरणाबाईनं मान हलवली. आपल्या लेकीच्या अंगातलं झबलं काढून दुसरं चढवत ती म्हणाली, "आत्ताच नगं, चांगुणा. अजून या चौघीजणी ऱ्हायल्यात."