बंद मजला

"मग घरी बसलास तो कुणाच्या सोयीसाठी? तुझ्या की कंपनीच्या?" बर्नाडेटने कानामागची पेन्सिल काढत विचारलं.

युजीनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको डोरीन होती. लुळा उजवा हात मांडीवर ठेवून ती डाव्या हाताने बिस्किट मोडत होती.

बर्नाडेट पालुम्बो आपल्या घराच्या बंदिस्त व्हरांड्यात अर्ध्या गल्लीचे कराचे कागद भरते. कान जरा अधू, त्यामुळे आवाज चढा. तिथे बोललेलं समोरच्या फुटपाथलाही कळतं.

"अरे, राहतोस न्यू जर्सीत आणि पगार न्यू यॉर्कचा. ऑफिसात गेलास ते दिवस त्यांचे, त्यात वाद नाही. पण हिवाळाभर घरून काम केलंस, तो पगार तू जर्सीच्या बाजूला टाकलायस. न्यू यॉर्क आपला कर असा सोडत नाही. स्वतःच्या सोयीने घरी बसलास तर तेही दिवस त्यांचेच. कंपनीने बसवलं असेल तर गोष्ट वेगळी."

"ते नंतर बघू. संध्याकाळी फोन करतो तुला."

"नंतर कशाला? आलायस ना!"

"कंपनीनेच बसवलं," डोरीन म्हणाली. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचे शब्द सावकाश येत. "ह्याच्या ऑफिसचा मजलाच बंद केला. सांग ना रे तिला. नाहीतर हा कसला घरी बसतोय!"

दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी तिने नवऱ्याला बजावलं होतं, माझ्यापायी नोकरीला धक्का लावलास तर मी ओहायोला लोरेनकडे, माझ्या बहिणीकडे, निघून जाईन. बोलेल ते करणारी बाई. म्हणून युजीनने तिच्यापुरता मजला बंद करून टाकला. मजला बिचारा चांगला चालू होता. युजीनची खुर्ची तेवढी रिकामी होती.

"मग झकास!" बर्नाडेट म्हणाली. "साहेबाकडून दोन ओळी लिहून आण, मजला बंद होता म्हणून. न्यू यॉर्कवाले हमखास मागतात. आणि हे बघ, इथे तुझ्या सहीखाली माझीही सही असते. उगाच काहीतरी सांगू नकोस."

युजीनने टोपी गुडघ्यावर एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. डोरीनकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"मजला बंद नव्हता. मीच मागून घेतलं."

"म्हणजे तुझी सोय."

"माझीच. ट्रेनचा कंटाळा आला होता."

डोरीनचा हात बशीवरच राहिला. हा माणूस वर्षानुवर्षं त्याच गाडीने, त्याच तीन दोस्तांबरोबर, गुडघ्यांवर पुठ्ठा टाकून पत्ते खेळत कामावर गेला होता. रविवारी त्याला घरात करमत नसे.

"कंटाळा? तुला?" ती म्हणाली.

युजीन खिडकीबाहेर बघत राहिला. बर्नाडेटला काय कळायचं ते कळलं. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"काय लिहू?"

"खरं तेच लिही," डोरीन म्हणाली.

बाहेर बोचरा वारा होता. युजीनने तिला धरून गाडीत बसवलं, तिचा उजवा पाय उचलून आत घेतला.

"सोमवारपासून ऑफिसला जायचं," समोर बघत ती म्हणाली. "आणि घरी गेल्यावर लोरेनला फोन लाव. मला न्यायला ये म्हणावं."

"अगं डोरीन, ऐक तरी..."

"लाव म्हटलं ना."

तो पट्टा लावायला वाकला. तिने त्याचा हात झटकला. डाव्या हाताने पट्टा ओढून ती खाच शोधू लागली. बोटांतून पट्टा सुटला आणि सर्रकन मागे गेला. तिने पुन्हा ओढला. पुन्हा सुटला. युजीन दार धरून उभा होता. त्याला रडू येत होतं, पण त्याने पुन्हा हात पुढे केला नाही.

तिसऱ्यांदा तिने पट्टा खाचेपर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला. पण एका हाताने तो आत दाबता येईना.

"आधी हा लाव," ती म्हणाली.